परवा अचानक उठलेलं डोकं आज थांबलंय, तरी सिटीस्कॅन करायचा का?

गेवराई तालुक्यातल्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. त्यांची मोठी बहीण, वय ४४, परवा दुपारी दोनच्या सुमारास कापसाचं गाठोडं उचलायला वाकली आणि एकदम डोकं धरून खाली बसली. दोन उलट्या झाल्या. गावातल्या डॉक्टरांनी पित्त म्हणून दोन इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं. संध्याकाळपर्यंत दुखणं बरंच उतरलं. आज ती घरात कामं करतेय, फक्त डोकं जड आहे आणि मान आखडल्यासारखी वाटते. घरचे म्हणतात, बरी झाली, आता कशाला खर्च? शिक्षकांनी तीन गोष्टी विचारल्यात: स्कॅन खरंच लागेल का, धोक्याची डोकेदुखी ओळखायची कशी, आणि त्यांच्या पत्नीला बऱ्याच वर्षांपासून अर्धशिशी आहे, तर तिलाही दर वेळी स्कॅन करायचा का.

सर, आधी ताईंना चारचाकीत बसवून न्यायची सोय करा, बाकीचं मग वाचा. स्कॅन आजच लागेल, उद्या नाही. मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका. १०८ ला फोन केलात तर गाडी येईल. वाटेत ताईंचं डोकं थोडं उंचावर राहू द्या. उलटी झाली तर कुशीवर वळवा. शौचाला जोर करणं, वजन उचलणं आजपासून बंद. आणि डोकं परत उठलं म्हणून ॲस्पिरिन असलेली गोळी मुळीच देऊ नका. रक्तस्राव असेल तर ती गोळी रक्त थांबू देत नाही.

बहीण घरात हिंडतेफिरतेय आणि मी एवढी घाई का करतोय, हे वाटणं साहजिक आहे. तुम्ही लिहिलेल्यात तीन गोष्टी अशा आहेत की त्या ऐकून कुठलाही मेंदूविकाराचा डॉक्टर खुर्चीतून उठेल. दुखणं एका क्षणात आलं, जोर लावताना आलं, आणि आता मान आखडलीय. दुखणं उतरलं ही चौथी गोष्ट मी हिशेबात धरतच नाही. दुखण्याचं इंजेक्शन रक्तस्रावाच्या डोकेदुखीलाही उतार देतं. इंजेक्शनने बरं वाटलं म्हणजे दुखणं साधं होतं, हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि आपल्या भागात याच एका समजुतीपायी माणसं जातात.

मला ज्याची भीती वाटतेय तो आजार असा. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं एक कडं असतं. तिथे फाटे फुटतात त्या जागी काही लोकांच्या वाहिनीची भिंत कमजोर होऊन फुगवटा येतो. याला ॲन्युरिझम म्हणतात. शंभरातल्या साधारण तीन प्रौढांमध्ये असा फुगवटा असतो आणि बहुतेकांना तो आयुष्यभर कळतही नाही. तो फुटला की रक्त मेंदूभोवतीच्या पाण्यात वेगाने पसरतं. हाच सबअरॅक्नॉइड हॅमरेज. इजा न होता होणाऱ्या अशा रक्तस्रावांपैकी सुमारे ८५ टक्के फुगवटा फुटल्यामुळे होतात. फुटल्यानंतर बरेचदा तिथे रक्ताची गुठळी बसते आणि रक्त तात्पुरतं थांबतं. रुग्णाला बरं वाटतं. पण भोक बुजलेलं नसतं, नुसतं झाकलेलं असतं. ते दुसऱ्यांदा फुटण्याचा धोका पहिल्या २४ तासांत सगळ्यात जास्त आणि नंतरही कित्येक दिवस राहतो, आणि दुसऱ्या वेळी माणूस वाचणं फार अवघड जातं. या आजारात एकंदरीत तीनातला एक रुग्ण दगावतो. जे चालतबोलत दवाखान्यात येतात त्यांचा निकाल मात्र सगळ्यात चांगला लागतो. ताई आज चालताबोलताहेत, म्हणूनच घाई.

आता ओळखायचं कसं. लोक विचारतात, किती दुखतंय? मी विचारतो, सुरू कसं झालं? अर्धशिशी कधी कधी इतकी दुखते की बाई अंधाऱ्या खोलीत डोक्याला फडकं बांधून दिवसभर पडून राहते. पण ती हळूहळू चढते. अर्धा तास, तास, दोन तास. रक्तस्रावाचं दुखणं काही सेकंदांत, फार तर मिनिटभरात टोकाला जातं. याला आम्ही थंडरक्लॅप हेडेक म्हणतो.

हे काढून घ्यायला थोडं कसब लागतं, कारण "अचानक दुखलं का?" असं विचारलं तर प्रत्येक जण हो म्हणतो. मी विचारतो, "तेव्हा हातात काय होतं?" अर्धशिशीवाली म्हणते, "सकाळपासूनच ठणकायलं होतं, दुपारी लई वाढलं." तिला नेमका क्षण सांगता येत नाही. रक्तस्राववाली सांगते, "भाकरी थापायले होते, तव्यावरची उलटायची होती, अन् डोक्यात घण घातल्यासारखं झालं." मग मी पुढे विचारतो, "ती भाकरी उलटली का?" "नाही हो, करपली ती." हातातलं काम अर्ध्यावर सुटलं, हे उत्तर माझ्यासाठी दहापैकी दहा दुखण्यापेक्षा मोलाचं आहे. तुमच्या ताईंचं गाठोडं उचलायचं राहून गेलं, हे तुम्ही सहज लिहून गेलात. माझी नजर तिथेच अडकली.

कॅनडातल्या डॉक्टरांनी हजारो रुग्ण पाहून एक नियम बसवलाय, ओटावा नियम. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. डोक्याला मार लागलेला नाही, रुग्ण पूर्ण शुद्धीवर आहे आणि डोकेदुखी तासाभरात टोकाला गेलीय, अशा वेळी सहा गोष्टी बघायच्या: वय ४० किंवा त्याहून जास्त, मान दुखणं किंवा आखडणं, कुणाच्या तरी डोळ्यांदेखत शुद्ध हरपणं, जोराचं काम करताना सुरुवात होणं, क्षणात टोकाला जाणारं दुखणं, आणि तपासताना मान पुढे न वाकणं. यातली एकही नसेल तर हा रक्तस्राव नाही असं जवळपास खात्रीने म्हणता येतं. एक जरी असली तर तपासणी करायची. एक असली म्हणजे रक्तस्राव झालाच, असं मात्र नाही. नियम मुद्दाम जाळं मोठं टाकतो. ताईंच्या बाबतीत निदान चार गोष्टी जुळतात.

मानेबद्दल एक बारीक गोष्ट. रक्त पाण्यात मिसळून मेंदूच्या आवरणाला चिडवायला वेळ घेतं, त्यामुळे मान आखडायला काही तास जातात. पहिल्या तासाभरात मान मऊ आहे म्हणून कुणी निर्धास्त होऊ नये. दोन दिवसांनी पाठ आणि पायही दुखू शकतात, कारण रक्त मणक्याच्या बाजूने खाली उतरतं. घरी मान वाकवून बघण्याचे प्रयोग मात्र करू नका. एका डोळ्याची पापणी खाली पडली आणि त्याच डोळ्याची बाहुली मोठी दिसली, तर फुगवटा डोळ्याच्या नसेवर दाबतोय असं समजून त्याच मिनिटाला निघायचं.

पित्ताबद्दल मला जरा जोर देऊन बोलायचंय. आपल्याकडे डोकं आणि उलटी एकत्र आली की पित्त हे नाव तयारच असतं. आजी म्हणते, शेजारीण म्हणते, रुग्ण स्वतःच डॉक्टरांना सांगतो, "पित्तानं डोकं उठलंय, तेवढं इंजेक्शन द्या." गावातल्या डॉक्टरांसमोर बाहेर चाळीस माणसं बसलेली असतात आणि रुग्णाने निदान आयतं आणलेलं असतं. डोक्यातला दाब वाढला की उलटी होते. रक्तस्राव झालेल्यांत उलटी अगदी नेहमीची. आधी एका क्षणात डोकं आणि मग उलटी, या क्रमाला पित्त म्हणू नका, एवढंच माझं गावोगावच्या डॉक्टर मित्रांना कळकळीचं सांगणं आहे. चिठ्ठीवर "डोकेदुखी" एवढंच न लिहिता "क्षणात सुरू झालेली डोकेदुखी, वेळ दुपारी दोन" असं लिहून पाठवलंत, तर पुढच्या डॉक्टरचं निम्मं काम झालं.

अशीच दुसरी फसगत ईसीजीची. या रक्तस्रावात ईसीजी बिघडू शकतो आणि तो हार्ट ॲटॅकसारखा दिसू शकतो. माणूस घामाघूम होऊन पडला, ईसीजी बिघडला, की रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या तोंडात जातात. पडण्याआधी तो "डोकं, डोकं" म्हणाला होता हे बघणाऱ्यांनी सांगितलंच पाहिजे.

आता स्कॅनचं. साधा सिटीस्कॅन, डाय (वाहिन्या दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) न टाकता, ही पहिली तपासणी. दुखणं सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आत, चांगल्या मशीनवर केला आणि जाणत्या रेडिओलॉजिस्टने वाचला, तर तो हा रक्तस्राव जवळजवळ कधीच चुकवत नाही. पण पुढे रक्त पाण्यात विरत जातं आणि स्कॅनचा भरवसा दिवसागणिक कमी होतो. आठवड्याने तर निम्म्यांच्याच स्कॅनमध्ये दिसतं. ताईंना दोन दिवस झालेत. म्हणून त्यांचा सिटीस्कॅन नॉर्मल आला तरी "चला, सुटलो" म्हणून परत फिरू नका.

आपल्या भागासाठी इथे आणखी एक गोष्ट आहे, आणि तिची चर्चा फार कमी होते. रक्तस्राव सिटीस्कॅनवर पांढरा दिसतो तो हिमोग्लोबिनमुळे. अंगात रक्तच कमी असेल तर तो पांढरेपणा फिका पडतो. हिमोग्लोबिन साधारण १० च्या खाली असलेल्यांना सहा तासांचा तो नियम लावता येत नाही. शेतात राबणाऱ्या आपल्या कितीतरी बायका ८ किंवा ९ वर दिवस काढत असतात. त्यामुळे ताईंचा जुना रक्ताचा रिपोर्ट घरात असेल तर बरोबर घ्या आणि तो स्कॅन वाचणाऱ्यापर्यंत पोचू द्या.

सिटीस्कॅन नॉर्मल आणि शंका मात्र पक्की, अशा वेळी पाठीतून पाणी काढून तपासतात. या तपासणीची आपल्याकडे धास्ती आहे, "पाठीत सुई घातली की पाय जातात" म्हणून नातेवाईक सही करत नाहीत. मणक्यातली मज्जारज्जू ज्या उंचीवर संपते त्याच्या खाली सुई घालतात. तिथे नुसत्या नसांच्या दोऱ्या पाण्यात तरंगत असतात आणि त्या सुईपासून बाजूला सरकतात. नंतर काही दिवस डोकं दुखू शकतं, ते झोपून आणि औषधाने थांबतं. मिळतं काय? निरोगी माणसाचं हे पाणी नळाच्या पाण्यासारखं नितळ असतं. रक्त उतरून बारा तास झाले की हिमोग्लोबिन फुटून त्याला पिवळी झाक येते आणि ती सुमारे दोन आठवडे टिकते. सुई घालताना एखादी बारीक शीर टोचली तर पाणी लाल येतं, पण नळी फिरवल्यावर वरचं पाणी नितळ राहतं. ती पिवळी झाक सहसा खोटं बोलत नाही. बऱ्याच ठिकाणी आता यासोबत किंवा याऐवजी डाय टाकून रक्तवाहिन्यांचा स्कॅन करतात. त्यात फुगवटा थेट दिसतो. रक्तस्राव सापडला तर तो करावाच लागतो.

फुगवटा सापडला की दोन रस्ते असतात. कवटी उघडून त्याच्या मुळाशी क्लिप बसवायची, किंवा मांडीच्या रक्तवाहिनीतून तार नेऊन आत कॉइल, म्हणजे बारीक तारेची गुंडाळी, भरायची. कुठला, ते फुगवट्याचा आकार आणि जागा पाहून ठरतं. त्यासोबत निमोडिपिनच्या गोळ्या २१ दिवस, दर चार तासांनी. रात्रीचे डोसही चुकवायचे नाहीत. चौथ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत मेंदूच्या वाहिन्या आकसून लकव्यासारखं होऊ शकतं, म्हणून ऑपरेशन छान झालं तरी डॉक्टर लगेच घरी सोडत नाहीत. शेतीची कामं खोळंबलीत म्हणून सही करून रुग्ण नेणारे नातेवाईक मी पाहिलेत. ते करू नका.

न्यायचं कुठे? गेवराईहून छत्रपती संभाजीनगरची घाटी, म्हणजे तिथला मोठा सरकारी दवाखाना, साधारण दोन तासांवर आहे. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. नांदेड, लातूरकडच्यांसाठी तिथली सरकारी महाविद्यालयं आहेत. निघण्याआधी फोन करून मशीन चालू आहे का आणि न्यूरोसर्जन आहेत का, हे विचारा. निम्मा वेळ चुकीच्या दारात जातो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मेंदूच्या अनेक शस्त्रक्रिया बसतात. दवाखान्यात या योजनेसाठी मदत करणारे आरोग्यमित्र बसलेले असतात, आत गेल्यागेल्या त्यांना भेटा. आणि अपघात विभागात "डोकं दुखायलंय" असं सांगू नका, त्या वाक्याने तुम्ही रांगेत शेवटी जाल. सांगा, "परवा दुपारी दोन वाजता एका क्षणात डोकं उठलं, असं आयुष्यात कधी दुखलं नव्हतं, आणि आता मान आखडलीय."

आता इतर दुखणी. अचानक उठलेलं प्रत्येक डोकं रक्तस्रावाचं नसतं. नुसती क्षणात आलेली डोकेदुखी, बाकी काही नाही, असे दहा रुग्ण आले तर त्यांत साधारण एकाला हा रक्तस्राव निघतो. उरलेल्या नवांत बरेच खरोखर निरुपद्रवी असतात. काहींना खोकल्यावर, काहींना जड काम करताना, काहींना शरीरसंबंधाच्या वेळी असं दुखतं. शेवटचं कारण लोक लाजून सांगत नाहीत आणि "झोपेतून उठलो तेव्हा" असं सांगतात. त्याने निदान चुकतं. डॉक्टरला खरं सांगा, आम्ही ते रोज ऐकतो. पण ही दुखणी साधी आहेत हे पहिल्या खेपेला तपासणीनंतरच म्हणता येतं. कुल्फी खाल्ल्यावर कपाळात चमक येते किंवा कधीतरी सेकंदभर सुई टोचल्यासारखं होतं, त्याला घाबरू नका.

बाळंतिणीच्या डोकेदुखीवर मात्र मी थांबून बोलणार आहे. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांमध्ये गुठळी होते, तो आजार आपल्याकडे बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत दिसतो. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं ही जुनी रीत अजून काही घरांत चालू आहे; त्याने रक्त घट्ट होतं आणि धोका वाढतो. तिला तहानेप्रमाणे पाणी द्या, आजीबाईंचा राग सहन करा. नवरात्र, लग्न किंवा पंढरपूर म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून थेट आणून घेतल्या जातात; त्यानंतर अशी गुठळी झालेल्या बायका आम्ही पाहतो. हे दुखणं बहुधा दिवसागणिक वाढत जातं, क्वचित एका क्षणातही येतं. सोबत अंधुक दिसणं, फिट येणं, एक बाजू लुळी पडणं. साधा सिटीस्कॅन यात नॉर्मल येऊ शकतो, शिरांचा एमआरआय लागतो. आणि नातेवाईकांना पटत नाही अशी गोष्ट म्हणजे, यात मेंदूत थोडं रक्त उतरलं असलं तरी उपचार रक्त पातळ करण्याचाच असतो, कारण मूळ दोष गुठळीचा आहे. फिट आली की कांदा हुंगवण्यात आणि बाहेरचं बघण्यात एक रात्र जाते; तीच रात्र महत्त्वाची असते.

आठ-दहा दिवसांत असे क्षणात येणारे झटके पुन्हा पुन्हा आले, तर रक्तवाहिन्या आकसण्याचा एक वेगळा आजार असू शकतो. बाळंतपणानंतर किंवा नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या औषधांनी तो होतो. बहुतेकांचा तीन महिन्यांत निवळतो, पण लक्ष ठेवावं लागतं.

बीपीच्या गोळ्या "आता बरं वाटतंय" म्हणून बंद करणाऱ्यांत रक्तस्राव थेट मेंदूच्या आत होतो. तिथे डोकेदुखीपेक्षा तोंड वाकडं होणं, हातपाय जाणं, बोबडी वळणं पुढे असतं. लोक "अंगावरून वारं गेलं" म्हणून तेल चोळत बसतात. म्हातारी माणसं गाडीवरून किंवा न्हाणीत पडल्यावर तीन-चार आठवड्यांनी झोपाळू होतात, चाल बिघडते, डोकं जड राहतं. ते वयाने झालं असं धरू नका. कवटीखाली हळूहळू साचलेलं रक्त बारीक भोक पाडून काढता येतं.

आता तुमच्या पत्नीचं. बऱ्याच वर्षांची अर्धशिशी, तोच ठणका, तोच चढण्याचा वेग, उजेड नको, आवाज नको, झोपलं की उतार. या प्रत्येक वेळी स्कॅन करायची काही गरज नाही. पण अर्धशिशी असलेल्या माणसालाही फुगवटा असू शकतो. नेहमीपेक्षा वेगळं दुखलं, विशेषतः एका क्षणात आलं, किंवा सोबत ताप, शुद्ध हरपणं, दोन दोन दिसणं, हातापायात कमजोरी असं काही नवं आलं, तर ती अर्धशिशी समजायची नाही. तिला आत्ताच विचारून ठेवा की तिचं नेहमीचं दुखणं चढायला किती वेळ लागतो. वेळ आली की तुम्हाला तुलना करता येईल. आणि ती दुखण्याच्या कोणत्या गोळ्या, महिन्यातून किती दिवस घेते ते मोजा. साध्या गोळ्या १५ दिवस किंवा मिश्र गोळ्या १० दिवस, असं महिन्यामागून महिने चालू असेल, तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं आणि उपचार वेगळा करावा लागतो. गोळ्यांची नावं कळवलीत तर त्यावर नीट लिहीन.